दोन केंद्रांवर एकाच दिवशी अतिवृष्टी: शक्यता कशी काढायची

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझच्या पर्जन्यमापन केंद्रावर २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, कुलाब्याच्या केंद्रावर जेमतेम ७४. 'दोन्हीकडे एकदम झोडपलं तर?' याचं उत्तर नेहमीच्या सहसंबंध गुणांकातून मिळत नाही. तो सगळ्या दिवसांवरून निघतो आणि त्यात साध्या सरीच जास्त. शेपटीकडचं, म्हणजे क्वचित येणाऱ्या टोकाच्या पावसाचं, काही सांगत नाही.

समजा, ५० वर्षांचे जून ते सप्टेंबरचे ६१०० दिवस हाताशी आहेत. दोन्ही केंद्रांच्या नोंदी तारखेनुसार जोडा. पावसाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो, त्यामुळे एकच झड दोन तारखांत फाटते. म्हणून दोन दिवसांच्या बेरजेवरही हिशेब करून पाहा.

प्रत्येक केंद्राच्या नोंदींना चढता क्रमांक देऊन ६१०१ ने भागा. ६१०० ने भागलं तर सर्वांत मोठी नोंद १ होते आणि पुढे लॉग घेताना गणित कोसळतं. आता उंबरठा चढवत न्या. ९५ टक्क्यांवर, म्हणजे ९५ टक्के दिवस ज्याच्या खाली राहतात त्या उंबरठ्यावर, प्रत्येकी ३०५ दिवस. त्यातले १०० सामाईक निघाले, तर प्रमाण ०.३३. ९९ टक्क्यांवर ६१ पैकी १३, म्हणजे ०.२१. ९९.५ वर ३० पैकी ५, म्हणजे ०.१७. प्रमाण असं घसरत असेल, तर टोकाला दोन्ही केंद्रं एकमेकांपासून सुटत चालली आहेत.

घसरणीचा वेग 'एटा' या आकड्याने मोजतात: प्रमाण टिकून राहिलं तर तो १, केंद्रं स्वतंत्र असली तर ०.५. भागाकार य धरून दोन्हीकडे −१/लॉग(य) काढा, रोज दोन्हींतली लहान किंमत घ्या आणि त्यांतल्या सर्वांत वरच्या ३०० किमतींवर हिलचा अंदाजक (शेपटी किती जाड आहे ते मोजणारं सूत्र) चालवा; तोच एटाचा अंदाज. १ च्या वर गेला तर १ धरा. समजा ०.८ आला. ९९ वरून ९९.९ टक्क्यांवर जाताना एका केंद्राची शक्यता दहापट घटते, जोडघटनेची १०^(१/०.८) पट: (१३/६१००) × १०^(−१.२५) ≈ ०.०००१२, म्हणजे ६८ पावसाळ्यांत सरासरी एकदा. लॉजिस्टिक मॉडेल (टोकालाही केंद्रांचं नातं टिकतं असं मानणारं) प्रमाण ०.२१ वरच गोठवतं आणि ३८ वर्षं सांगतं. केंद्रं स्वतंत्र मानली तर ८२०० वर्षं! मॉडेल निवडताना इतका फरक पडतो.

गौसियन कोप्युला (दोन केंद्रांचं नातं सामान्य वितरणाच्या साच्यात बसवणारं मॉडेल) वापरायचा असेल, तर त्यात एटा = (१+ऱ्हो)/२ असतो; ऱ्हो म्हणजे त्या मॉडेलमधला सहसंबंध. इथे ऱ्हो ०.६ हवा, रोजच्या पावसावरून काढलेला नव्हे.

त्रुटीपट्टा (अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकतो ती मर्यादा) बूटस्ट्रॅपने, म्हणजे नोंदींतून पुन्हापुन्हा नमुने उचलून तोच हिशेब करून काढतात. तो काढताना सुटे दिवस उचलू नका. पावसाचे दिवस सलग येतात, त्यामुळे सुटे दिवस उचलले तर पट्टा फसवा अरुंद दिसतो. अख्खी वर्षं उचलून हजार वेळा बूटस्ट्रॅप करा. एटाचा पट्टा १ ला टेकत असेल, तर अहवालात ३८ आणि ६८ दोन्ही आकडे द्या.