टर्म सुरू व्हायच्या आधी: दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी डिपार्टमेंटची तयारी

टर्म सुरू होते त्याच्या दोन महिने आधीची तारीख कॅलेंडरवर टाका आणि मग पुढचं वाचा, कारण या यादीतलं जवळपास प्रत्येक काम वेळेत झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही आणि उशिरा झालं तर केलं काय नि न केलं काय, सारखंच. ब्रेलमधलं पुस्तक परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हातात पडलं तर ते घेऊन त्या मुलीने करायचं काय? बजेट नाही, माणसं नाहीत हे खूप ऐकायला मिळतं, पण माझं मत विचाराल तर बराचसा घोळ पैशाचा नसतोच, वेळेवर कुणी विचारलं नाही याचा असतो.

म्हणून पहिलं काम विचारायचं. ॲडमिशन पक्की झाली की मेल टाका किंवा फोन करा, अर्धा तास बसा, आणि 'तुला नक्की झालंय काय' हा प्रश्न सोडून बाकी सगळं विचारा, वाचतेस कसं, नोट्स कशा घेतेस, आधी काय मिळत होतं, त्यातलं कामाचं काय होतं आणि नुसतं कागदावर काय होतं. दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटवरून हे कळत नाही. दोन विद्यार्थ्यांच्या सर्टिफिकेटवर लो व्हिजन, म्हणजे अंधुक दृष्टी, असंच लिहिलेलं असतं पण एकाला मोठ्या टाइपातली प्रिंट लागते, दुसऱ्याला स्क्रीनवर काळ्यावर पांढरी अक्षरं लागतात आणि त्याला कागद दिला तर तो तसाच बॅगेत जाऊन पडतो. शिवाय नवीन आलेल्या मुलांना स्वतःलाच अंदाज नसतो की इथे काय मागता येतं, शाळेत घरचे सांभाळून घ्यायचे, इथे लेक्चर वेगळी, सबमिशन वेगळी, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात परत एकदा विचारायचं हेही आत्ताच लिहून ठेवा.

संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कांचा करार २००६ चा आहे, त्याच्या २४ व्या कलमात उच्च शिक्षणातही वाजवी सोयी द्यायला सांगितलंय, आणि दुसऱ्या कलमात वाजवी कशाला म्हणायचं तेही दिलंय: त्या त्या माणसाच्या गरजेप्रमाणे केलेले बदल, फक्त संस्थेवर अवाजवी बोजा पडता कामा नये. या बोजाच्या आडोशाला लोक लगेच जाऊन बसतात. पण बोजा आहे की नाही हे आधी हिशोब करून बघावं लागतं, आणि अशी सोय नाकारणं हा त्याच करारात भेदभाव धरलाय, तेव्हा 'जमणार नाही' म्हणायच्या आधी काय करून पाहिलं हे फाइलला असू द्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. ठरलं ते एका पानावर लिहा, कोण करणार आणि कधीपर्यंत यासकट. शिकवणाऱ्यांना करायचं काय तेवढंच कळवायचं, निदान काय आहे ते कळवायची गरज नसते. आणि वर्गात उभं राहून 'यांना एक्स्ट्रा टाइम मिळणार आहे' वगैरे जाहीर करू नका, प्लीज.

आता वाचायचं साहित्य. इथे सगळ्यात जास्त वेळ जातो म्हणून सगळ्यात आधी सुरू करा. तुमच्याकडच्या पीडीएफ उघडा आणि माउसने एखादी ओळ सिलेक्ट करून बघा. शब्द सिलेक्ट होत नसतील, अख्खं पान चित्रासारखं निवडलं जात असेल, तर ती स्कॅन कॉपी आहे आणि स्क्रीन रीडरसाठी, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, ती कोरी. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, एकदा डाउनलोड करा, मॉनिटर बंद करा आणि स्वतःचीच हँडआउट ऐका, बाकी कुठल्या ट्रेनिंगपेक्षा हे जास्त शिकवून जातं. दोन कॉलमचं पान असेल तर डावीकडची अर्धी ओळ आणि लगेच उजवीकडची अर्धी ओळ असं मिळून एकच वाक्य झाल्यासारखं ऐकू येतं, तळटीप परिच्छेदाच्या मध्येच घुसते, आणि टेबल असेल तर नुसते आकडे येत राहतात, कुठला आकडा कशाचा ते काहीच कळत नाही. ओसीआर, म्हणजे चित्रातल्या अक्षरांचा सॉफ्टवेअरने मजकूर, करून घ्या पण तिथे थांबू नका, कुणीतरी माणसाने एकदा वाचून दुरुस्त करावंच लागतं, विशेषतः सूत्रं. घातांक सपाट होऊन जातो, म्हणजे एक्सचा वर्ग होता तिथे नुसतं एक्स दोन ऐकू येतं आणि पोरगी अख्खं गणित चुकीचं सोडवून बसते, वर चूक तिच्या नावावर. गणिताचा मजकूर लेटेक्समध्ये, म्हणजे सूत्रं साध्या अक्षरांच्या कोडमध्ये टाइप करायच्या पद्धतीत, लिहिलेला असेल तर मूळ फाइलच देऊन टाका, बरेच अंध विद्यार्थी ती थेट वाचतात. वर्डमध्ये हेडिंग द्यायचं तर खरंखुरं हेडिंग स्टाइल वापरा, नुसतं बोल्ड करून मोठं केलं तर डोळ्याला हेडिंग दिसतं पण स्क्रीन रीडरला ते साधं वाक्यच. आकृतीचं वर्णन लिहिताना 'आलेख' एवढंच लिहून सोडू नका, त्या आलेखातून मुलांनी जे बघावं असं तुम्हाला वाटतं ते लिहा.

सगळं एकदम होणार नाही, मान्य. मग पहिल्या तीन आठवड्यांचं वाचन आधी तयार करा, बाकीचं मागून. वाचनाची यादी ऐनवेळी बदलणारे प्राध्यापक असतात, त्यांना आत्ताच गाठा. आणि कॉपीराइटचं कारण कुणी पुढे केलं तर २०१३ चा माराकेश करार आठवा, ज्या देशांनी तो स्वीकारलाय तिथे छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी मान्यताप्राप्त संस्थांना पुस्तकाची सुगम प्रत (ब्रेल, ऑडिओ वगैरे) प्रकाशकाच्या परवानगीशिवाय करता येते, दुसऱ्या देशातून मागवताही येते. तेव्हा लायब्ररीत आधी चौकशी करा, तेच पुस्तक कुणीतरी आधीच केलेलं असू शकतं.

स्लाइड्स आदल्या दिवशी पाठवायची सवय लावा, याचा फायदा डिस्लेक्सिया (वाचन अवघड जाणं) असलेल्याला, एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जाणं) असलेल्याला आणि बाकी निम्म्या वर्गालाही होतो. फिकट करड्या रंगातली नाजूक अक्षरं नकोत, अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट निदान ४.५ ला १ असावा असं वेबच्या सुगमतेचं मानक सांगतं आणि ते तपासायची फुकट टूल्स आहेत. 'लाल रेषा बघा, हिरवी रेषा बघा' एवढ्यावर ग्राफ सोडू नका, रंगांधळ्याला तो फरक कळत नाही, एक रेषा तुटक काढा.

कर्णबधिर विद्यार्थी असेल तर सांकेतिक भाषेचा इंटरप्रिटर आधी बुक करावा लागतो, ऐन आठवड्यात मिळत नाही, आणि लांबलचक लेक्चरला दोघं लागतात कारण एकाचे हात आणि डोकं दोन्ही थकतं. त्यांना विषयातले शब्द आधी द्या. मग वर्गात काय होतं ते बघा: सर फळ्याकडे तोंड करून बोलतात, ओठांवरून वाचणं गेलं, आणि म्हणतात 'हे इथे बघा', आता मुलाने फळा बघायचा की इंटरप्रिटर? दोन्ही एकदम बघता येत नाही. बोला, थांबा, फळा दाखवा, परत बोला, एवढंच करायचंय. मागच्या बाकावरून कुणी प्रश्न विचारला तर तो माइकवर परत सांगा. व्हिडिओला आपोआप येणारे कॅप्शन्स तांत्रिक शब्दांची पार वाट लावतात, ते आधी कुणाकडून तरी दुरुस्त करून घ्या.

इमारत. नकाशावर रॅम्प आहे म्हणून टिक करू नका, गेटपासून बाकापर्यंत स्वतः जाऊन बघा, जमलं तर त्याच विद्यार्थ्याबरोबर. रॅम्पचा उतार साधारण १ ला १२ असावा, पण तो बरोबर असून वरचं दार जड आणि बाहेर ओढायचं असेल तर व्हीलचेअरवरच्याने ते एकट्याने उघडायचं कसं? सुगम टॉयलेटमध्ये जुन्या खुर्च्या भरून ठेवलेल्या असतात, त्या आधीच काढून घ्या. लिफ्ट बंद पडली तर वर्ग खाली हलवायचा हे टाइमटेबलवाल्यांशी आत्ताच बोलून ठेवा. आणि एक गोष्ट जवळपास सगळे विसरतात, आग लागली की लिफ्ट वापरायची नसते, मग तिसऱ्या मजल्यावरची व्हीलचेअर खाली कशी येणार, कोण आणणार, हे नावानिशी लिहिलेलं हवं, आणि अलार्म ऐकू न येणाऱ्याला कसं कळणार तेही.

लॅबमध्ये बोलणारा थर्मामीटर, कमी उंचीचं टेबल अशा वस्तू मिळतात, पण खरा प्रश्न मदतनिसाचा असतो. मदतनीस फक्त हात, निर्णय विद्यार्थ्याचा, म्हणजे किती मिली घ्यायचं, कधी थांबायचं हे तो सांगणार आणि मदतनीस तेवढंच करणार, चुकत असेल तरी मध्ये बोलायचं नाही, फक्त धोका असेल तर थांबवायचं. हे दोघांना आधी समोरासमोर बसवून सांगा.

इथेच एक कठीण काम येतं जे विषय शिकवणाऱ्यालाच करावं लागतं, ऑफिसवर ढकलता येत नाही. तुमच्या पेपरमध्ये नक्की काय तपासायचंय ते दोन ओळींत लिहा. इतिहासाच्या पेपरात शुद्धलेखनाचे मार्क कापायचेत का? तोंडी परीक्षेत भराभर बोलणं तपासायचंय की विषय कळलाय का ते? दुसरं असेल तर अडखळत बोलणाऱ्याला वेळ द्या, नाहीतर लिहून उत्तर द्यायची मुभा द्या. उलट भाषेच्या पेपरात स्पेलिंग हाच मुद्दा असेल तर तिथे सूट देता येणार नाही, आणि ते आधीच स्पष्ट सांगितलं तर कुणी भांडत नाही. हे लिहिलेलं नसलं की प्रत्येक मागणीला 'दर्जा खाली येईल' हे एकच उत्तर मिळतं.

परीक्षा. एक्स्ट्रा टाइम धरून वेळ कुठे सव्वापट, कुठे दीडपट, नियम जो असेल तो असो, पण टाइमटेबलशी एकदा ताडून बघा. तीन तासांचा पेपर दीडपट वेळेत साडेचार तासांचा होतो, तसे दोन पेपर एका दिवशी आले तर नऊ तास, मग त्या सोयीचा उपयोग काय! काहींना जादा वेळ नकोच असतो, घड्याळ थांबवून मध्ये ब्रेक हवा असतो, मधुमेह असलेल्याला काही खायला, पाठदुखी असलेल्याला जरा उभं राहायला. लेखनिक निवडताना त्याला विषयातली चिन्हं आणि शब्द लिहिता आले पाहिजेत, आणि दोघांची एक तरी प्रॅक्टिस आधी व्हायला हवी. कारण तोंडाने सांगून पेपर लिहून घेणं हे वेगळंच काम आहे, प्रश्न दोनदा वाचून घ्यायचा, अख्खा उतारा डोक्यात धरायचा, उत्तर सांगता सांगता लेखनिक कुठे पोचला तिकडे लक्ष, आणि मधला एक शब्द बदलायचा झाला तर 'तिसऱ्या ओळीत मागे जा' इथपासून सुरुवात. कॉम्प्युटरवर लिहिणार असेल तर त्याच मशीनवर, त्याच हेडफोनवर, त्याच स्क्रीन रीडरवर दोन दिवस आधी ट्रायल घ्या, फाइल कुठे सेव्ह होते तेही बघा, आणि पेपर सुरू असताना टेक्निकल माणसाचा नंबर सुपरवायझरच्या खिशात असू द्या. प्रश्नपत्रिकेत आयत्या वेळी दुरुस्ती आली तर ती वेगळ्या खोलीत सांगायला कोण जाणार हेही ठरवा, मुख्य हॉलमध्ये घोषणा होते आणि तिकडे कुणी फिरकतच नाही.

आणि पेपर संपल्यावर त्या वेगळ्या खोलीतल्या उत्तरपत्रिका. दोनच असतात, मुख्य गठ्ठा केव्हाच गेलेला असतो, त्या कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये राहतात आणि मग त्या मुलांचे निकाल अडकतात. त्यांचे सीट नंबर मुख्य गठ्ठ्याच्या यादीतच आधी लिहून ठेवा, 'वेगळी खोली, येणे बाकी' असा शेरा मारून, आणि ताब्यात घेणाऱ्याची सही त्याच यादीवर घ्या.