पहिल्या तालमीआधी रंगमंच ओळखायला शिका

एकांकिका बसवायची ठरली की नवी मुलं आधी संवाद पाठ करतात. शिरवाडकर-कानेटकरांच्या नाशकात शब्दांवर जीव असणारच. तरी माझा आग्रह असतो, संहिता बाजूला ठेवा आणि आधी रंगमंच पायाखाली घाला.

१. मधोमध, प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहा. तुमचा उजवा हात जिकडे, तो स्टेज राइट. प्रेक्षकांसाठी ती डावी बाजू. दिग्दर्शक खाली खुर्चीत बसून ‘राइटने एक्झिट घे’ म्हणतो, तेव्हा तोही नटाचीच उजवी सांगत असतो.

२. प्रेक्षकांजवळचा भाग डाउन, मागचा अप. युरोपात पूर्वी रंगमंच मागून पुढे उतरता असे, त्यावरून ही नावं पडली. वहीच्या पानावर तीन बाय तीन असे नऊ चौकोन आखा आणि आपली प्रत्येक हालचाल त्यात पेन्सिलीने मांडा. पेन्सिलीनेच, कारण ती बदलणार आहे.

३. प्रेक्षक कुठे बसणार ते विचारा. सगळा फरक तिथेच पडतो. कालिदास कलामंदिर किंवा सायखेडकर नाट्यगृहात कमानी रंगमंच आहे, म्हणजे प्रेक्षक एकाच बाजूला. कडेला विंगा, म्हणजे नटाला लपवणारे उभे आडोसे, वर दिवे झाकणाऱ्या झालरी, पुढे दर्शनी पडदा. विंगेत उभं राहून तुम्हाला प्रेक्षक दिसला, तर त्यालाही तुम्ही दिसताय. एक पाऊल मागे या.

रंगमंच प्रेक्षकांत घुसलेला असेल, तर तीन बाजूंनी डोळे असतात. उंच कपाट मागेच ठेवा. गोदाघाटावर पथनाट्य करायचं झालं तर चौफेर रिंगण. कुणाला ना कुणाला पाठ दिसणारच. मग एका जागी फार वेळ थांबू नका, समोरच्या नटाशी तिरकं उभं राहा, आवाज चारी दिशांना फिरू द्या. साध्या खोलीतही नाटक होतं. दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने 1974 पासून जे प्रायोगिक नाटक उभं केलं, त्याला कमान लागली नाही. मला स्वतःला अशी जवळची जागा फार प्रिय आहे. नटाचा श्वास ऐकू येतो.

४. प्रयोगाच्या जागी टेप घेऊन जा. दर्शनी रुंदी, खोली, विंगांमधली अंतरं मोजा आणि तालमीच्या जागी खडूने तीच मापं आखा. आम्ही एकदा गच्चीवर अंदाजाने तालमी केल्या. प्रयोगात दार चार पावलं लांब गेलं. ‘मी निघाले’ म्हणून वळलेली मुलगी वाक्य संपल्यावरही चालतच राहिली, आणि तेवढ्या शांततेत प्रसंगाची धार गेली. तेव्हापासून आमच्या तालमीच्या पिशवीत खडू आणि टेप संहितेच्या आधी जातात.