आधी दुधाचे खाडे बघा

आठवणी लिहायला बसलात की पहिलं वाक्य हमखास येतं, ‘माझा जन्म अमुक गावी झाला.’ खोडा ते. जन्म तुम्हाला आठवत नाही, दुसऱ्यांनी सांगितलाय.

माझीच फजिती सांगते. नाशिकच्या 1969 च्या गोदेच्या महापुरावर मी चार पानं लिहिली. तेव्हा मी सहा वर्षांची. पूर किती चढला हे ज्याच्यावरून मोजतात तो नदीतला दुतोंड्या मारुती बाबांच्या खांद्यावरून बुडताना पाहिला, गढूळ पाण्याचा वास, सगळं झकास उतरलं. ताईला वाचून दाखवलं तर म्हणाली, “अगं, तू तेव्हा सिन्नरला मामाकडे होतीस. खांद्यावर बाळू होता.”

पानं फाडली नाहीत. समासात पेन्सिलीने ‘ऐकीव’ लिहिलं आणि खाली जोडलं, की पाणी मारुतीच्या गुडघ्याला की छातीला यावर आमच्याकडे दर पावसाळ्यात वाद होतो आणि दरवेळी 69 चा पूर निघतो. इतका ऐकला की मला तो दिसायलाच लागला. तुम्हीही तसंच करा. पाहिलेलं शाईने, ऐकलेलं पेन्सिलीने.

तारखांसाठी जुनी कालनिर्णयं शोधा. माळ्यावर असतात. आई त्यावर दुधाचे खाडे मांडायची. 1981 च्या जूनपासून एक लिटरच्या जागी ‘अर्धा’ असं तिच्या बारीक अक्षरात, थेट दिवाळीपर्यंत. बाबांची नोकरी तेव्हाच गेली होती. घरात त्यावर कुणी बोललं नाही. कारखान्याचं नाव मीही लिहिलेलं नाही. ‘हलाखीचे दिवस होते’ हे माझं आधीचं वाक्य काढलं आणि ‘अर्धा’ ठेवलं.

रोजनिशीत ‘मन उदास’ लिहू नका, दहा वर्षांनी त्यातून काही कळत नाही. काय रांधलं, कोण आलं, कोण न जेवता गेलं, एवढं पुरे.

स्वतःला सोडू मात्र नका. लक्ष्मीबाई टिळक आपल्या जवळच्याच, जलालपूरच्या. 1934 पासून त्यांच्या आठवणी, ‘स्मृतिचित्रे’, भागाभागांनी आल्या. त्यात त्या नवऱ्याची जितकी मजा सांगतात तितकीच स्वतःचीही. मी भावजयीशी झालेलं भांडण लिहिलं तेव्हा माझं एकही वाक्य चुकीचं नव्हतं! तिथेच थांबले, पुन्हा लिहिलं.

जिवंत माणसावर लिहिलेलं त्याला आधी वाचायला द्या. पुराचं पान बाळूला दिलं. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं त्याने.

“छान आहे,” म्हणाला. “मला यातलं काहीच आठवत नाही.”