मिशनच्या शाळेतला डिसेंबर

वसईकडच्या मिशनच्या मराठी शाळेत नव्याने रुजू होत असाल, तर डिसेंबरचं नियोजन दिवाळीच्या सुट्टीतच उरकून ठेवा. त्या महिन्यात गाण्यांच्या तालमी, खेळांचे सामने, स्नेहसंमेलन सगळं एकदम अंगावर येतं. नाताळची तयारी आणि अभ्यासक्रम वेगळे धरले की अभ्यासक्रमच मागे पडतो, मग जानेवारीत जादा तास. चौथीच्या वर्गात मी तयारीतूनच शिकवते.

आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे तयारीचे आठवडे, सुरू होतो तो ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी. तो रविवार कधी येऊ शकतो, हे मुलांना कालनिर्णयावर शोधायला लावा. २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या टप्प्यापर्यंत ती आपली आपण पोचतात.

खरी मजा नाताळच्या गोठ्याच्या, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याच्या, गवताची. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. तसाही तो मला कधी आवडला नाही. दहा-बारा तारखेला करवंट्यांत माती भरून गहू पेरायचे. काही करवंट्या खिडकीत, दोन कपाटात बंद. रोज फूटपट्टीने उंची मोजून आलेख काढायचा. आठवड्याने कपाट उघडलं की वर्गात गलका होतो, कारण अंधारातली रोपं जास्त उंच, पण पिवळी आणि माना टाकलेली! "बाई, ऊन नाही तरी वाढली कशी?" उत्तर लगेच देऊ नका. दाणा फोडून पाहू द्या, साठवलेलं अन्न कुठे गेलं ते विचारा. मग तीच करवंटी उजेडात ठेवा, पात्यांवर हिरवा रंग चढताना दिसतो. परिसर अभ्यासाचा हा पाठ नुसत्या फळ्यावर एवढा रंगत नाही.

नकाशासाठी गोन्सालो गार्सिया घ्या. वसईत जन्मलेला हा माणूस १५९७ मध्ये नागासाकीत हुतात्मा झाला आणि १८६२ मध्ये संत म्हणून जाहीर झाला. वसई ते जपान बोटीने कसं जायचं, यावर एक तास सहज जातो.

नाटिकेत मरिया आणि योसेफ कोण, यावरून पालकांत रुसवेफुगवे होतात. मी सरळ चिठ्ठ्या टाकते. ख्रिस्ती मूलच हवं असा आग्रह धरत नाही. मेंढपाळांचे संवाद मात्र मुलांच्या घरच्या बोलीत: कुणाची कादोडी, कुणाची वाडवळी, कुणाची वारली. एरवी तोंड न उघडणारी मुलं तिथे खुलतात.

एक गोष्ट नाजूक आहे. कॅथलिक मुलं दोत्रीनला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या तासाला, जातात, तेव्हा बाकीच्यांचा मूल्यशिक्षणाचा तास असतो. राज्यघटनेच्या कलम २८(३) नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कुठल्याही मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. म्हणून मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) किंवा प्रार्थनेचा कार्यक्रम असेल तर आधी चिठ्ठी घरी पाठवा, सही घ्या. मी स्वतः ख्रिस्ती नाही; शंका आली की सिस्टरांना विचारते, त्या न कंटाळता सांगतात.

सहा तारखेला महापरिनिर्वाण दिन. त्या दिवशी परिपाठात बाबासाहेबांवर कोण बोलणार, ते तालमींच्या धांदलीत राहून जातं, त्यामुळे नावं नोव्हेंबरातच ठरवा. आणि सुट्टी लागण्यापूर्वी ३ जानेवारीच्या सावित्रीबाईंच्या जयंतीची भाषणं वाटून टाका. सुट्टीनंतर पाठांतराला वेळ मिळत नाही.