दोन फटींचा प्रयोग कागदावर कसा उतरवावा

क्वांटमवर चित्र काढा म्हटलं की निळ्या अंधारात चमकणारा अणू, त्याभोवती ग्रहांसारखे फिरणारे इलेक्ट्रॉन आणि कोपऱ्यात एक मोठा डोळा, एवढं हमखास येतं. ते सगळं बाजूला ठेवा. इलेक्ट्रॉन ग्रहासारखा फिरत नाही, आणि माणूस बघतो म्हणून प्रयोगाचा निकाल बदलत नाही. मी फोंड्याला चित्रकला शिकवते. माझं सांगणं एवढंच, की क्वांटमचा नियम चित्राच्या विषयात नाही, चित्र काढायच्या पद्धतीत आणा.

दोन फटींच्या प्रयोगात इलेक्ट्रॉन दोन बारीक फटींकडे सोडतात आणि ते मागच्या पडद्यावर कुठे पडतात ते बघतात. नियम भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न यांनी 1926 साली मांडला: इलेक्ट्रॉन कुठे सापडेल याची फक्त शक्यता सांगता येते, आणि ती त्याच्या तरंगावरून काढता येते. 1989 मध्ये अकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी जपानमध्ये एकेक इलेक्ट्रॉन सोडून हे प्रत्यक्ष दाखवलं. आधी पडद्यावर कसेही विखुरलेले ठिपके, आणि ते वाढत गेले तसे त्यांतून उमटलेले पट्टे. हेच आपण हातानं करायचं.

जाड कागदावर पेन्सिलीनं 13 उभे रकाने आखा. खाली डावीकडून आकडे लिहा: 4, 3, 1, 0, 1, 3, 4, 3, 1, 0, 1, 3, 4. हा दोन फटींच्या तरंगांचा हिशेब आहे: 4 तिथं दोन्ही तरंग जुळतात, 0 तिथं एकमेकांना पुसून टाकतात. (खऱ्या पडद्यावर कडेचे पट्टे फिकट होत जातात, ते इथं सोडून दिलं आहे.) कागदाच्या कडेला उंचीसाठीही 1 ते 13 खुणा करा.

आता वाटीत 1 ते 13 च्या चिठ्ठ्या टाका. एक काढा, रकाना ठरला. चिठ्ठी परत टाकून पुन्हा काढा, उंची ठरली. मग फासा टाका. दान रकान्याखालच्या आकड्याइतकं किंवा कमी पडलं तर ठिपका द्या, जास्त पडलं तर सोडून द्या. एका ठिपक्यामागे सरासरी तीनेक दानं जातात, तेव्हा हे काम चवथीला घर भरलेलं असताना काढावं. चिठ्ठ्या एकाकडे, फासा दुसऱ्याकडे, ठिपका तिसऱ्याकडे.

ठिपक्यासाठी काव डिंकाच्या पाण्यात दाटसर कालवा आणि आगकाडीच्या मागच्या टोकानं टेकवा. दर वेळी काडी नव्यानं बुडवा, म्हणजे पहिला ठिपका आणि शेवटचा ठिपका एकाच मापाचे येतील. हे माप मला फार महत्त्वाचं वाटतं. इलेक्ट्रॉन पडद्यावर अर्धा कधी पोचत नाही, पोचला तर अख्खा. ठिपका लहानमोठा झाला की चित्र खोटं बोलायला लागतं. हाताला मात्र रचना हवी असते. इथं फार मोकळं राहिलंय, तिथं गर्दी झालीय, असं वाटून काडी सरकते. सरकू देऊ नका. पहिल्या वीस-पंचवीस ठिपक्यांत काही कळत नाही. शंभरीनंतर चौथा आणि दहावा रकाना कोरे राहिलेले दिसतात. तीनशेच्या आसपास थांबा.

दुसऱ्या कागदावर सगळ्या रकान्यांखाली 2 लिहा आणि तेच सगळं पुन्हा करा. इलेक्ट्रॉन कुठल्या फटीतून गेला याची नोंद कुठंही राहिली तर पट्टे उमटत नाहीत; हा तो कागद. दोन्ही शेजारी लावा, आकडे पुसू नका.

आपल्याकडे जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी काम आहे. चुन्यावर लाल थर, तो खरवडला की खालचं पांढरं दिसतं. इलेक्ट्रॉनचं मोजमाप, म्हणजे तो कुठे आहे ते शोधणं, दाखवायला हे अगदी योग्य वाटतं, पण तो अर्थ त्याला चिकटवू नका. पांढरं आधीपासून खाली असतंच. इलेक्ट्रॉनचं उत्तर तसं आधीच ठरून आत दडलेलं असतं, ही साधी समजूत भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी 1964 मध्ये सुचवलेल्या कसोटीपुढे टिकली नाही. ती कसोटी पुढे ज्या प्रयोगांनी लावून पाहिली, त्यांना 2022 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. कावी वापरायचीच तर ठिपक्यांसाठी वापरा: फासा सांगेल तिथं अणकुचीदार टोच मारा. थर ओला आहे तोवरच टोच नीट बसतो, म्हणून सगळी दानं आधी वहीत उतरवून ठेवा आणि मगच चुना लावायला घ्या.