भाड्याच्या गाडीचं उशिरा आलेलं बिल

कोथरूडहून सेल्फ-ड्राइव्ह गाडी घेऊन ताम्हिणीमार्गे कोकणात जाऊन आलो. परत देताना तिथल्या पोराने गाडीभोवती चक्कर मारली, 'ओके सर' म्हणाला, डिपॉझिटही जमा झालं. आणि महिन्याभराने मेल: मागच्या बंपरवर ओरखडा, दुरुस्तीचे ८,५०० रुपये कार्डावरून वळते करू.

फोनवर भांडण्यात अर्थ नसतो, दर वेळी नवाच माणूस बोलतो. म्हणून सगळं लेखी मागितलं: तारीख-वेळेसह फोटो, गॅरेजचं जीएसटी बिल, माझ्यानंतर गाडी किती जणांनी नेली त्याची नोंद. गाडी ताब्यात घेताना मी चारही बाजूंनी व्हिडिओ काढला होता. त्यात नंबरप्लेटच्या डावीकडे तोच बोटभर ओरखडा, वर कोणीतरी आधीच लावलेला टचअपचा पांढरा ठिपका. ती फ्रेम मेलला जोडली. त्यांच्याकडून बिल आलंच नाही. आलं ते एस्टिमेट, तेही अख्खा बंपर बदलण्याचं! रबिंग-पॉलिशने निघेल एवढ्याशा रेघेला!

कार्डाच्या बँकेला रक्कम वादात असल्याचं आधीच कळवलं. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवून तिचा क्रमांक कंपनीला पाठवला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात जाईन, हेही लिहिलं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि हे त्यांनाही ठाऊक असतं.

दोन ओळींचं उत्तर आलं, मागणी मागे घेतल्याचं. दिलगिरी वगैरे काही नाही. तो मेल पीडीएफ करून ठेवलाय.