झाडावर केशरी दिसलं की लगेच लायकेन म्हणू नका

पावसाळ्यात बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबीकडं गाडी काढली की रस्त्याकडच्या झाडांची खोडं कुणी केशरी रंग मारल्यागत दिसतात, आणि फोटो काढून ॲपमध्ये टाकला की ते खुशाल सांगून मोकळं होतंय, 'झँथोरिया पॅरिएटिना', म्हणजे एक लायकेन, बुरशी आणि शेवाळ मिळून वाढणारं. जरा थांबा. ती युरोपात भिंतींवर, कौलांवर सर्रास मिळणारी, थंड हवेतली जात. आपल्याकडच्या ओलसर खोडांवरचं केशरी बऱ्याचदा लायकेनच नसतंय, ते ट्रेंटेपोलिया नावाचं शेवाळ असतंय. गंमत बघा, मोजतात त्याला हिरव्या शेवाळांत, पण अंगात कॅरोटीन एवढं की हिरवा रंग झाकूनच जातो.

म्हणून रंग सोडा, कड बघा. लायकेनच्या भागीदारीत आकार बहुतेक वेळा बुरशी देते, त्यामुळं बऱ्याचदा गोलसर डाग असतो, मधून बाहेर वाढत गेलेला, आणि तो कुठं संपला ते बोट ठेवून दाखवता येतंय. ट्रेंटेपोलियाचं तसं नाही, ते मखमल अंथरल्यासारखं पसरतं, सावलीतली ओली बाजू अख्खी रंगून जाते. दहापटीचं भिंग असलं तर उत्तम, सोनार वापरतात तसलं चालतंय, त्यातून शेवाळाची बारीक लव दिसते. मी असा झाडाला नाक लावून उभा होतो तर मागनं एक काका, "काय बघालास रे, मध हाय काय?"

कड मिळाली? आता वाटीसारख्या चकत्या शोधा. कॅलोप्लाका गटातल्या लायकेनवर टाचणीच्या डोक्याएवढ्या केशरी चकत्या असतात, त्या बुरशीच्या, शेवाळावर कधीच येणार नाहीत. मग नखानं कड उचलून बघा: घरच्या मसाल्यातलं दगडफूल, तेही लायकेनच, पानासारखं सुटतंय, झँथोरियाही तसंच पाकळ्यांचं आणि खालून पांढरट, पण कॅलोप्लाका दगडाला असं चिकटलेलं असतंय की दगड खरवडल्याशिवाय निघत नाही. जांभ्याच्या चिऱ्यावर मात्र फसायला होतं, चिराच मुळात गंजाच्या रंगाचा! तिथं पाणी शिंपडून चकत्या दिसतात का तेवढं बघायचं. केशरी लायकेन शोधायचं तर उन्हात तापणाऱ्या दगडांवर, पक्षी बसून घाण करतात त्या कठड्यांवर. झँथोरियाचा केशरी रंग पॅरिएटिन नावाच्या द्रव्याचा, ते उन्हापासून वाचवतं, म्हणून सावलीत तेच लायकेन हिरवट-राखाडी दिसतंय.

खात्रीच करायची तर कॉलेजच्या लॅबमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या 10 टक्के द्रावणाचा एक थेंब टाका, पॅरिएटिन असलं तर डाग झटकन लाल-जांभळा होतोय. हातमोजे आणि चष्मा घालूनच, ते कातडी भाजवतंय. पण थेंबानं रंग बदलला म्हणून झँथोरियाच असं नाही, कॅलोप्लाकातही पॅरिएटिन असतंय, तेव्हा थेंब आणि कड दोन्ही जुळवून बघायचं.

त्याच भागातल्या भीमगड अभयारण्यात मात्र काही खरवडू नका, नुसता फोटो. शेजारी रुपयाचं नाणं ठेवा, एक फोटो लांबून, एक भिंगातून, आणि दगड की झाड, ऊन की सावली हे तिथंच लिहून ठेवा, घरी आल्यावर सगळं केशरी सारखंच दिसतंय.